युनिक्सची भाऊबंदकी आणि तिचे दुभाषी

नागपुरांत आगगाडीचे रूळ एकाच मापानें आले नाहींत. १८६७ सालीं मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा साडेपांच फुटी मार्ग शहरास येऊन भिडला. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत छत्तीसगडाकडे जाणारा मार्ग झाला, तो मात्र मीटरमापी. बंगाल-नागपूर रेल्वेनें तो हातीं घेऊन १८८८ च्या सुमारास रुंद केला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं इतवारीहून नागभीड व छिंदवाडा या बाजूंस अडीच फुटी अरुंद मार्ग निघाले, आणि ते सुमारें शंभर वर्षें चालले. माप बदलेल तेथें गाडी थांबे. एका डब्यांतील पोतीं हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यांत जात, वेळ मोडे, माल सांडे आणि मजुरी वाढे. लोखंड तेंच, चाकें तशींच, वाफहि तीच; दोन रुळांमधील अंतर तेवढें निराळें. पण तेवढ्यानें संबंध गाडी अडून राही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणकाच्या जगांत हाच प्रकार घडला. आणि तोहि परक्यांमध्यें नव्हे, तर एकाच घराण्यांतील भावंडांमध्यें. त्या घराण्याचें नांव युनिक्स.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथील बेल लॅबोरेटरीजमध्यें झाला. केन टॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे मुख्य कर्ते. संगणकाचें कामकाज चालविणारी, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला केव्हां वेळ द्यावा, कोणती फाइल कोणास उघडूं द्यावी, हें ठरविणारी ही प्रणाली. १९७३ सालीं ती सी या भाषेंत पुन्हां लिहिली गेली, आणि त्यामुळें ती एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणें सोपें झालें. बेल लॅबोरेटरीजची मालक ए. टी. अँड टी. ही टेलिफोन कंपनी होती. १९५६ च्या एका न्यायालयीन करारामुळें तिला टेलिफोनबाहेरचा व्यापार करण्यास बंदी होती. म्हणून युनिक्स विश्वविद्यालयांना अल्प किंमतींत, मूळ लेखनासह मिळूं लागली.

मूळ लेखन हातीं आल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. कॅलिफोर्नियांतील बर्कले विश्वविद्यालयानें तिच्यांत भर घालून बी. एस. डी. नांवाची शाखा काढली. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें परवाना घेऊन १९८० सालीं झेनिक्स जाहीर केली. ए. टी. अँड टी. नें स्वतः १९८३ सालीं सिस्टिम फाइव्ह बाजारांत आणली. यंत्रें विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनें आपापली निराळी युनिक्स केली. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सची एक ओळहि न घेतां तिच्यासारखीच वागणारी लिनक्स लिहावयास घेतली. आणि १९९३ सालीं बर्कलेच्या वारशांतून नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या दोन प्रणाली निघाल्या. वाडा एक, चुली मात्र डझनभर, अशी स्थिति झाली.

ही भाऊबंदकी मिटविण्याचा एक मोठा यत्न १९८८ सालीं झाला. पॉझिक्स नांवाचें एक मानक प्रसिद्ध झालें. सर्व युनिक्सांनीं कोणत्या नांवाचीं कामें करून दिलीं पाहिजेत व त्यांचा अर्थ काय असावा, हें त्यांत ठरविलें होतें. या मानकाचा लाभ फार मोठा झाला. पण त्यांत एक गोष्ट सहेतुक मोकळी ठेवली होती. मानकानें नांवें ठरविलीं, त्या नांवांमागचे आकडे ठरविले नाहींत. ज्याच्याजवळ प्रोग्रॅमचें मूळ लेखन आहे त्याला यानें कांहींच अडत नाहीं, कारण त्या त्या प्रणालीवर तें लेखन पुन्हां यंत्रभाषेंत उतरवून घेतां येतें. परंतु एकदां यंत्रभाषेंत उतरलेल्या प्रोग्रॅमांत नांवें शिल्लक नसतात. तेथें केवळ आकडे असतात. आणि विकत घेतलेला प्रोग्रॅम बहुधा याच रूपांत हातीं पडतो.

आकडे वेगळे असले तर काय बिघडतें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. प्रोग्रॅमला फाइल उघडावयाची असो कीं पडद्यावर अक्षर उमटवावयाचें असो, त्याला प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, अर्ज करावा लागतो. कचेरीच्या खिडकीपाशीं पक्षकारानें अर्जाचा क्रमांक सांगावा, तसा हा प्रकार. क्रमांक ३ म्हणजे वाचणें, ४ म्हणजे लिहिणें, ५ म्हणजे उघडणें. हे प्रारंभींचे क्रमांक जुन्या युनिक्सपासून चालत आल्यामुळें लिनक्स व फ्रीबीएसडी या दोहोंत सारखेच राहिले. मात्र पुढच्या क्रमांकांत वाटा फुटल्या. शिवाय इंटेलच्या बत्तीस-बिटी यंत्रांवर अर्जाचा मजकूर लिनक्स कर्नलच्या हातांत ठेवते, तर फ्रीबीएसडी तो मेजावरील चळतींत शोधते.

उत्तरांची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. अर्ज नामंजूर झाला तर कर्नल कारणाचा आकडा कळवितो. लिनक्समध्यें ११ या आकड्याचा अर्थ ‘आतां जमत नाहीं, थोड्या वेळानें पुन्हां या’ असा आहे, आणि ३५ चा अर्थ ‘दोघेहि एकमेकांसाठीं अडून बसले आहेत, गुंता सुटणार नाहीं’ असा. फ्रीबीएसडीमध्यें हेच दोन आकडे नेमके उलटे आहेत. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्यें ११ चा अर्थ ‘पुन्हां या’ असाच होता. बर्कलेनें पुढें तो अर्थ ३५ कडे नेला व मोकळा झालेला ११ गुंत्यासाठीं वापरला. ‘हा आकडा पूर्वी त्या अर्थाचा होता’ अशी टीपहि तेथें लिहून ठेवली आहे. आतां लिनक्ससाठीं बांधलेला प्रोग्रॅम फ्रीबीएसडीच्या खिडकीपाशीं उभा राहिला, आणि कारकुनानें सौजन्यानें ‘पुन्हां या’ म्हणून ३५ हा आकडा सांगितला, तर प्रोग्रॅमच्या कानांवर पडेल तें ‘सर्व संपलें’ असें. तसेंच १० क्रमांकाची सूचना लिनक्समध्यें प्रोग्रॅमच्या स्वतःच्या उपयोगासाठीं राखलेली आहे. बीएसडीमध्यें तीच सूचना स्मृतींत घोर चूक झाल्याची वर्दी देते. एका घरची हांक दुसऱ्या घरीं मरणाची बातमी ठरावी, असा हा विपर्यास.

या अडचणींतून निघण्याचे मार्ग तीन, आणि त्यांपैकीं दोहोंचीं ठळक उदाहरणें मुंबईंतच सांपडतात.

पहिला मार्ग भाषांतराचा. १९७४ सालीं मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेनें परदेशासाठीं केलेलें आरंभींचें एक काम याच जातीचें होतें. बरोज कंपनीच्या एका मालिकेंतील यंत्रासाठीं कोबोल भाषेंत लिहिलेली रुग्णालयाची व्यवस्था तिच्याच दुसऱ्या मालिकेंतील यंत्राच्या कोबोलमध्यें उतरवावयाची होती. आणि हें काम झालें तिसऱ्याच, म्हणजे आय. सी. एल. १९०३ या ब्रिटिश यंत्रावर. हा मार्ग उत्तम खरा; पण त्याला मूळ लेखन हातीं असावें लागतें.

दुसरा मार्ग यंत्राचीच प्रतिकृति करण्याचा. सोव्हिएत संघानें १९७० नंतर ‘ई. सी.’ मालिकेचीं यंत्रें केलीं तीं आय. बी. एम. च्या सिस्टिम ३६० च्या रचनेबरहुकूम, म्हणजे अमेरिकन यंत्रासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम त्यांवर चालावेत अशा हेतूनें. त्या मालिकेंतील ई. सी. १०३० हें यंत्र त्याच दशकांत मुंबईच्या पवई येथील तंत्रशास्त्र संस्थेंत आलें. हा मार्ग राष्ट्रांच्या सामर्थ्यांतला. एखाद्या कचेरीच्या आटोक्यांतला नव्हे.

तिसरा मार्ग दुभाष्याचा. प्रोग्रॅमला हात लावावयाचा नाहीं, यंत्रहि बदलावयाचें नाहीं. दोघांच्या मध्यें असा कोणी बसवावयाचा, कीं जो एकाचे आकडे घेऊन दुसऱ्याचे करील. यालाच इम्युलेशन म्हणण्याचा प्रघात पडला. काटेकोरपणें पाहतां हा शब्द येथें चपखल नाहीं, आणि फ्रीबीएसडीच्या मार्गदर्शिकेंतहि तशी कबुली आहे. एका जातीच्या प्रोसेसरचें सोंग दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरनें वठविणें हें खरें इम्युलेशन. त्यांत प्रत्येक आज्ञेचा अर्थ लावावा लागतो व वेग फार मंदावतो. युनिक्सच्या भावंडांत प्रोसेसर एकच असतो. प्रोग्रॅम आपल्या पूर्ण वेगानें धांवतो, आणि केवळ खिडकीपाशीं आला कीं दुभाषी मध्यें पडतो. खर्च होतो तो तेवढ्या क्षणाचा.

या मार्गाचा पाया आपसांतील कराराच्या रूपानें प्रथम घातला गेला. १९८७ मध्यें ए. टी. अँड टी. व मायक्रोसॉफ्ट यांच्यांत समझोता झाला, आणि पुढल्या वर्षीं इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठीं निघालेल्या सिस्टिम फाइव्हच्या आवृत्तींत झेनिक्सचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालण्याची सोय झाली. इंटेलनें आय. बी. सी. एस. या नांवाचें मानकहि पुढें आणलें. त्याचा गाभा असा, कीं इंटेलच्या यंत्रावरील निरनिराळ्या युनिक्सांनीं निदान आकड्यांपुरती एक बोली बोलावी.

याचें महत्त्व भारतांतील कचेऱ्यांस विशेष होतें. १९८४ सालीं रिझर्व्ह बँकेच्या डॉ. सी. रंगराजन समितीनें बँकांच्या यंत्रीकरणाचा आराखडा दिला. त्यानंतरच्या काळांत बँकांच्या खरेदींत युनिक्सवर चालणाऱ्या यंत्रांना मोठें स्थान मिळालें. हिंदुस्थान कॉम्प्युटर्स, विप्रो यांसारख्या देशी कंपन्यांनीं तशीं यंत्रें बांधलीं. इंटेलचीं यंत्रें स्वस्त झाल्यावर सान्ता क्रूझ ऑपरेशन, म्हणजे एस. सी. ओ. या कंपनीच्या झेनिक्स व युनिक्स येथील पेढ्या-कचेऱ्यांत रुळल्या. कोबोलमध्यें किंवा फॉक्सबेसमध्यें लिहिलेले खतावणीचे, पगारपत्रकाचे, मालसांठ्याचे प्रोग्रॅम त्यांवर वर्षानुवर्षें चालत राहिले.

अशा प्रोग्रॅमाचें दुर्दैव ठरलेलें असे. लिहून देणारा गांव सोडून जाई किंवा विकणारी कंपनी दुकान बंद करी, आणि मूळ लेखन कोठें आहे तें कोणासच ठाऊक नसे. प्रोग्रॅम बिनचूक चाले. यंत्र मात्र जुनें होई, त्याचे सुटे भाग मिळेनासे होत, आणि नव्या यंत्रासाठीं जुन्या युनिक्सची नवी प्रत घ्यावी तर तिची किंमत परवडत नसे. त्यांत अडकून पडलेलीं असत तीं हजारों माणसांचीं खातीं. दुभाष्याची गरज ही पंडितांची हौस नव्हती. ती या खात्यांसाठीं होती.

१९९० नंतरच्या दशकांत लिनक्स फुकट मिळूं लागली, तेव्हां तिच्यासाठीं आय. बी. सी. एस. चा दुभाषी लिहिला गेला व एस. सी. ओ. साठीं बांधलेले फॉक्सबेस, वर्डपरफेक्ट यांसारखे प्रोग्रॅम लिनक्सवर चालूं लागले. नवी व लहान असलेली लिनक्स त्या वेळीं थोरल्यांची बोली शिकत होती. अवघ्या कांहीं वर्षांत पारडें फिरलें. प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपन्या लिनक्ससाठीं बांधूं लागल्या, आणि लिनक्सची बोली शिकण्याची पाळी इतरांवर आली.

फ्रीबीएसडीमध्यें हें काम डेन्मार्कच्या सोरेन श्मिट यांनीं १९९४-९५ च्या सुमारास आरंभिलें. नेटबीएसडीनेंहि त्याच सुमारास तशी सोय केली. त्यांची युक्ति पाहण्याजोगी आहे. प्रोग्रॅम चालूं करतांना कर्नल प्रथम त्याच्या कपाळावरील खूण पाहतो. दोन्ही घरांनीं ईएलएफ नांवाचा एकच साचा स्वीकारल्यामुळें ही खूण न पटण्याचा संभव असे; म्हणून फ्रीबीएसडीनें अशा प्रोग्रॅमवर घराण्याचें नांव डागण्याचें एक लहानसें साधनहि दिलें. खूण पटली कीं त्या प्रोग्रॅमला अर्जांचा निराळा तक्ता मिळतो. त्यांत लिनक्सचा प्रत्येक क्रमांक येथल्या योग्य कामाशीं जोडलेला असतो आणि उत्तराचा ३५ बदलून ११ केला जातो. दुसरी युक्ति फाइलींची. प्रणालीच्या वाड्यांत लिनक्सची एक छोटी खोली थाटलेली असते. प्रोग्रॅमनें एखादी फाइल मागितली कीं प्रथम त्या खोलींत पाहावयाचें. तेथें नसेल तरच वाड्यांत शोधावयाचें. पाहुण्याला आपण परक्या घरीं आहोंत याचा पत्ताहि लागत नाहीं.

या सोयीमुळें नेटस्केप, स्टारऑफिस, अॅक्रोबॅट रीडर, गणितासाठींचे मॅथेमॅटिका व मॅटलॅब, एवढेंच काय पण ओरॅकलची माहितीपेढी व एस. ए. पी. ची व्यापारी प्रणाली इतके प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर चालविण्याच्या रीती तिच्या मार्गदर्शिकेंत छापल्या गेल्या.

तथापि दुभाष्याची चाकरी कधीं संपत नाहीं. मूळ घराची बोली दरसाल वाढते. लिनक्सचे प्रोग्रॅम चालूं होतांच कर्नलला त्याची आवृत्ति विचारतात, आणि ती जुनी निघाली तर ‘कर्नल फार जुना’ असें म्हणून पाऊल मागें घेतात. म्हणून फ्रीबीएसडीच्या दुभाष्याला आपलें खोटें वय सांगावें लागे, प्रथम २.४.२, नंतर २.६.१६, पुढें २.६.३२, याप्रमाणें. आणि वय वाढवून सांगितलें कीं त्या वयाला शोभेल तेवढें ज्ञानहि दाखवावें लागे.

याहून मोठा धोका निराळाच होता. दुभाषी चांगला असला तर मूळ भाषा कोणी शिकत नाहीं. युनिक्सच्या बाहेर, आय. बी. एम. च्या ओएस/२ या प्रणालीनें १९९२ सालीं विंडोजचे प्रोग्रॅम उत्तम चालवून दाखविले. तेव्हां प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीं ओएस/२ साठीं वेगळे श्रम घेण्याचें कारणच उरलें नाहीं. बीएसडीच्या उपासकांनाहि ‘लिनक्सचा प्रोग्रॅम तुमच्याकडे चालतो ना, मग झालें’ हें उत्तर ऐकावें लागलें. दुभाष्यानें घर जगविलें, पण त्याच वेळीं तें परावलंबी केलें. ज्यांनीं दुभाषी ठेवला त्यांना तो गमावणेंहि परवडत नव्हतें व त्यावर विसंबणेंहि.

आणि मग एके दिवशीं आकड्यांच्या मालकीचाच प्रश्न उभा राहिला. एस. सी. ओ. चा युनिक्सचा धंदा २००१ सालीं काल्डेरा कंपनीनें घेतला व पुढें एस. सी. ओ. ग्रुप हें नांव धारण केलें. २००३ च्या मार्चमध्यें या कंपनीनें आय. बी. एम. वर दावा लावला, आणि डिसेंबरमध्यें लिनक्स वापरणाऱ्या अनेक कंपन्यांना पत्रें धाडून लिनक्समधील ६५ फाइलींवर हक्क सांगितला. त्या फाइली कोणत्या? तर कारणांचे आकडे व सूचनांचे आकडे ज्यांत लिहिलेले असतात त्याच प्रामुख्यानें. अकरा म्हणजे ‘पुन्हां या’, ही ओळ कोणाची मिळकत आहे काय, असा हा वाद होता. टोरवाल्ड्स यांनीं तो दावा त्याच महिन्यांत जाहीरपणें खोडून काढला. पुढें मार्च २०१० मध्यें ज्यूरीनें युनिक्सचे मूळ स्वामित्वहक्क नोव्हेल कंपनीकडेच असल्याचा निर्णय दिला, आणि २०२१ मध्यें आय. बी. एम. विरुद्धचा वाद तडजोडीनें मिटला. आकडे खाजगी मिळकत ठरले असते, तर परवान्यावांचून कोणताहि दुभाषी तोंड उघडूं शकला नसता, आणि जुन्या प्रोग्रॅमांत अडकलेलीं खातीं सोडविण्याचा हा मार्ग बंद झाला असता.

२०१६ हें वर्ष या इतिहासांत मोठें चमत्कारिक आहे. त्या वर्षीं फ्रीबीएसडीच्या १०.३ या आवृत्तीनें चौसष्ट-बिटी लिनक्स प्रोग्रॅम चालविण्याची सोय दिली. त्याच वर्षीं तिची बहीण ओपनबीएसडी हिनें ६.० या आवृत्तींतून लिनक्सचा दुभाषी काढून टाकला. फारसा वापर नसलेला कोड घरांत बाळगणें हाच धोका, हें तिचें जुनें धोरण. आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमध्यें लिनक्सचे प्रोग्रॅम चालविणारा दुभाषी बसविला. १९८० सालीं झेनिक्स आणणारी कंपनी छत्तीस वर्षांनीं त्याच दाराशीं परत आली. पण तिलाहि ही चाकरी झेपली नाहीं. २०१९ मध्यें तिनें जी दुसरी आवृत्ति जाहीर केली, तींत दुभाष्याच्या जागीं लिनक्सचा संबंध कर्नलच आणून ठेवला. बोली शिकण्यापेक्षां माणूसच घरीं आणणें तिला सोपें वाटलें.

दुभाष्याचा सर्वांत निरपेक्ष उपयोग ऑस्ट्रेलियांत झाला. वॉरेन टूमी यांनीं अपाउट नांवाचा प्रोग्रॅम लिहिला; पीडीपी-११ यंत्रावरील अगदीं जुन्या युनिक्सचे प्रोग्रॅम तो आजच्या युनिक्सवर चालवितो. तेथें प्रोसेसरचें सोंग व खिडकीवरील भाषांतर हीं दोन्ही कामें एकत्र येतात. २००८ सालीं टूमी व त्यांचे सहकारी यांनीं कागदावर उरलेल्या एका छापील प्रतीवरून युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचा कर्नल पुन्हां उभा केला व सिम्युलेटरवर चालवून दाखविला. ज्या यंत्रावर ती प्रणाली जन्मली त्या जातीचीं यंत्रें पदार्थसंग्रहालयांत गेलीं. प्रणाली मात्र पुन्हां बोलूं लागली.

नागपुरांत मोतीबागेस २००२ सालीं अरुंदमापी रेल्वेचें संग्रहालय उघडलें. २०१५ मध्यें छिंदवाड्याकडील व २०१९ मध्यें नागभीडकडील अरुंद मार्गावरील गाड्या रुंदीकरणासाठीं बंद झाल्या. तीं लहान इंजिनें नव्या रुळांवर धांवणार नाहींत. त्यांना धांवतें पाहावयाचें तर त्यांच्या मापाचे रूळ पुन्हां कोणी तरी घातले पाहिजेत. जुन्या प्रोग्रॅमाखालीं दुभाषी जें करतो तें हेंच. मात्र त्यासाठीं जुनें माप कोठें तरी लिहून ठेवलेलें असावें लागतें, आणि तें वाचण्यास व वापरण्यास सर्वांना मोकळीक असावी लागते. बर्कलेच्या फाइलींत ११ या आकड्याशेजारीं ठेवलेली ती एका ओळीची टीप याच कारणानें मोलाची आहे.